पुरतं लिवा, मॅडम

पेणला माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली औषधांचं दुकान. दुकानातले भाऊ मला अधूनमधून चिडवतात, की मॅडम, तुमची चिठ्ठी म्हणजे मामाला लिहिलेलं पत्र असतं. खरं आहे ते. माझ्या चिठ्ठीत औषधाचं नाव सबंध असतं, ते किती घ्यायचं हे अंकात आणि अक्षरात दोन्हीकडे असतं, आणि खाली मराठीत सरळ वाक्य असतं, की सकाळी नाश्ता झाल्यावर एक, रात्री जेवल्यावर एक. पाच औषधं असली की कागद उलटावा लागतो. बाहेर बाकावर बसलेली माणसं चुळबुळ करतात. करू देत.

ही सवय माझी नाही. ती मला रोह्यात लागली, म्हात्रे सिस्टरांमुळे.

एमबीबीएस होऊन मी घरी पेणला परत आले होते. पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आणि हाताला काम असावं, म्हणून रोह्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी धरली. पंचवीस खाटांचं हॉस्पिटल. मालक स्वतः सर्जन, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. आजूबाजूच्या भातशेतीच्या गावांतली माणसं, कंपन्यांत शिफ्ट करणारे कामगार, आणि पावसाळ्यात विंचू-सापाचे पेशंट, असा आमचा कारभार. मी रोह्याजवळ वरसेला खोली घेऊन राहत होते आणि शनिवारी पेणला घरी जात होते.

पहिल्या सकाळी राउंड घेऊन मी उभ्या उभ्या, खाटेच्या कडेवर फाइल टेकवून, पेशंटची औषधं लिहीत होते. तेवढ्यात माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं. पाहिलं तर एक लोखंडी स्टूल. पायानं ते माझ्याकडे सरकवणारी बाई पन्नाशीची, ठेंगणी, सावळी, केस घट्ट बांधलेले, चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "उभ्यानं लिवलेलं उभ्यानंच चुकतं."

मी बसले. लिहून झालं तेव्हा त्यांनी फाइल घेतली, चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि माझ्यासमोर परत ठेवला. म्हणाल्या, हे जरा वाचून दाखवा. मला वाटलं, माझं अक्षर लागत नसेल. मी वाचलं. तापाच्या गोळीपुढं मी 'एसओएस' लिहिलं होतं. कॉलेजात सगळेच लिहितात. गरज पडली तर द्या, एवढाच त्याचा अर्थ.

सिस्टरांनी शांतपणे विचारलं, की गरज कुणाची? पेशंटची, नर्सची की नातेवाइकांची? किती ताप आला म्हणजे गरज पडली म्हणायचं? आणि दिवसभरात किती वेळा गरज पडली तरी चालेल? मी उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, "मंग हेच लिवा की. पुरतं लिवा, मॅडम."

त्या दिवशी बारा फाइली मी दोनदा लिहिल्या. मनातल्या मनात चरफडत लिहिल्या, हे कबूल करते. एमबीबीएस झालेल्या मुलीला एका नर्सनं शुद्धलेखनाला बसवावं, हे मला फार लागलं होतं.

म्हात्रे सिस्टर पेणच्या खारेपाटातल्या. वडलांचं मिठागर होतं, भाऊ अजून ते चालवत होता. रोज सकाळी पेणहून मेमू लोकलनं त्या रोह्याला येत आणि संध्याकाळी परत जात. डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा सुका जवळा. वासामुळे कुणाला त्रास नको म्हणून त्या स्टोअररूममध्ये खोक्यावर बसून जेवत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि अर्धी भाकरी पुढं केली. चरफड तिथंच निम्मी झाली.

त्यांना सह्यांची आद्याक्षरंसुद्धा चालत नसत. औषध दिल्यावर तक्त्यावर मुली नुसतं 'व्ही. एम.' असं काही खरडत, तर त्या पूर्ण नाव लिहायला लावत. त्यांची स्वतःची सही म्हणजे 'विमल जनार्दन म्हात्रे', प्रत्येक वेळी, एकेक काना-मात्रा देऊन. त्या सांगत, आमच्या खारेपाटात 'म्हात्रे' म्हणून हाक मारा, अर्धी एसटी वळून बघते. 'व्ही. जे. म्हात्रे' म्हणाल तर चार जणी उतरतील. त्यात अतिशयोक्ती नव्हती. मी असतानाच एकदा दोन सुमन पाटील एका वेळी दाखल होत्या, एक बाळंतीण आणि एक कावीळवाली. सिस्टरांनी दोघींच्या खाटांना नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव अशी पाटी लावली आणि प्रत्येक गोळीच्या वेळी त्या बाईलाच विचारायला लावलं, की तुझं पुरतं नाव सांग. नाव आपण सांगायचं नाही, तिला सांगायला लावायचं. आपण सांगितलं की आजारी माणूस कशालाही मान डोलावतो.

मुलींना त्या फळ्यासमोर उभं करून शिकवत नसत. काम करता करता एखादी गोष्ट हातात देत. एकदा एका लहान डोसच्या औषधापुढं मी टिंब देऊन पाच लिहिलं होतं, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. त्यांनी त्या कागदाची कार्बन प्रत काढून माझ्यापुढं धरली. टिंब उमटलंच नव्हतं. अर्ध्याचे पाच झाले होते. "टिंबाला सोबत लागते," त्या म्हणाल्या. "टिंबाच्या आधी शून्य घाला. आनि एक मिलिग्रॅम असंल तर नुसता एक लिवा, त्याच्या पुढं टिंब-शून्य नको. टिंब उडालं की दहा होतात." मी तो कागद बराच वेळ पाहत राहिले. पाच वर्षं शिकताना हे मला कुणी दाखवलं नव्हतं, किंवा दाखवलं असेल आणि माझं लक्ष नसेल.

माझ्यासारख्या नवख्या डॉक्टरला शिकवणं सोपं होतं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी पेणहून एक नामांकित फिजिशियन यायचे. हुशार माणूस, पेशंटांचा जीव होता त्यांच्यावर, पण हात असा धावायचा की कागदावर नुसती नागमोडी रेघ. एका शुक्रवारी त्यांनी मधुमेहाच्या एका आजोबांना इन्शुलिन लिहिलं आणि गाडीत बसून गेले. चार युनिट, पण युनिटसाठी त्यांनी फक्त इंग्रजी 'यू' काढला होता, आणि तो वरून जवळजवळ मिटला होता. पाहिलं की चाळीस दिसायचं.

ड्यूटीवरची मुलगी म्हणाली, सर चाळीस कशाला देतील, चारच असणार. सिस्टर म्हणाल्या, असणार म्हणजे काय? आणि त्यांनी फोन लावला. डॉक्टर गाडी चालवत होते, उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा उचलला तेव्हा ते चिडलेलेच होते. फोनचा आवाज मोठा होता, मी शेजारी उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"सिस्टर, त्या म्हाताऱ्याला चाळीस कोण देईल? थोडी अक्कल वापरा ना."

"अक्कल वापरली सर," सिस्टर म्हणाल्या, "म्हनूनच फोन केला."

 मग ते म्हणाले, चार. सिस्टरांनी विचारलं, चार काय? ते म्हणाले, चार युनिट. सिस्टरांनी ते लिहून त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी हो म्हटलं, आणि त्यानंतरच इंजेक्शन भरलं गेलं.

पुढच्या मंगळवारी फिजिशियननी मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली. मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरांना बोलावून समजावलं, की बाहेरून येणारा माणूस आहे, दुखावला तर यायचा बंद होईल, जरा सांभाळून घ्या. सिस्टरांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. पण मी अंदाज करून औषध देणार नाय, तेवढं एक सोडून सांगाल ते करते, असं म्हणून त्या बाहेर आल्या. आणि त्या दिवसापासून फिजिशियन राउंडला आले की त्या स्टूल घेऊन बरोबर फिरू लागल्या. डॉक्टरांनी बसायचं, तोंडानं सांगायचं, सिस्टर पूर्ण शब्दांत लिहिणार, वाचून दाखवणार, डॉक्टर सही करणार. पहिल्या दिवशी डॉक्टर आखडून बसले होते. महिनाभरानं त्यांना ते आवडू लागलं, कारण पाठदुखी होती त्यांना. स्टुलावर बसून पेशंटशी दोन शब्द जास्त बोलायचे. पुढं ते सिस्टरांसाठी घरच्या आंब्यांची पेटीही आणायचे.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सिस्टर पुऱ्या होत नाहीत.

निडीजवळच्या एका गावच्या अनसूयाबाई आमच्याकडे दाखल होत्या. पन्नाशीच्या, भाताची आणि वालाची शेती करणाऱ्या. आमवातानं हातांची बोटं सुजून वाकडी व्हायला लागली होती. फिजिशियननी त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू केलं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. एकच दिवस, एकच गोळी. रोज घेतलं तर ते शरीरातल्या पेशी बनवण्याचं कामच थांबवतं.

त्यांना घरी सोडलं त्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या. माझ्यापुढं सहा जणांची डिस्चार्ज कार्डं पडली होती, खाली रिक्षा थांबल्या होत्या, नातेवाईक दारात. मी उभ्यानं लिहीत होते. औषधाचं नाव मी लिहिलं 'एमटीएक्स', त्यापुढं साडेसात, आणि त्यापुढं 'ओडब्ल्यू'. ओडब्ल्यू म्हणजे आठवड्यातून एकदा. मला ते पूर्ण माहीत होतं. अनसूयाबाईंच्या सुनेला मी तोंडानंही सांगितलं, असं मला अजून वाटतं. पण खात्री देता येत नाही.

नऊ दिवसांनी सून त्यांना घेऊन आली. तोंडात सगळीकडे फोड, ओठ सोललेले, पेजसुद्धा गिळवत नव्हती. अंगात ताप. सिस्टरांनी बॅटरी मारून तोंड पाहिलं आणि सुनेला एवढंच विचारलं, की गोळ्यांचं पाकीट आणलंय का, आणि कार्ड? पाकिटात दहापैकी एक गोळी शिल्लक होती. पाकिटावर दुकानदारानं पेनानं लिहिलं होतं, 'रोज एक'.

सिस्टर माझ्याकडं आल्या. कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे वाचा."

मी वाचलं. आठवड्यातून एकदा, मी म्हटलं.

"त्यानं 'ओडी' वाचलं. रोज एकदा. बाईनं नऊ दिस रोज खाल्ली."

मला पुढचं काही ऐकू येईना.  सिस्टरांनी माझ्या हाताला धरून खुर्चीत बसवलं नाही, की धीराचं काही बोलल्या नाहीत. त्यांनी फिजिशियनना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. फिजिशियननी सांगितलं तसं रक्त तपासायला पाठवलं, सलाइन लावलं. या औषधावर उतारा असतो, पण तो रोह्यात मिळाला नाही, पनवेलहून मागवावा लागणार होता. तासाभरानं रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. पनवेललाच मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं. मी पाठवणीची चिठ्ठी लिहायला बसले.  सिस्टर शेजारी उभ्या राहून मी लिहिलेला प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत होत्या. कोणतं औषध, किती, किती दिवस, का. शेवटचं 'का' लिहिताना मी थांबले.

मोठे डॉक्टर तोवर खाली आले होते. ते म्हणाले, चूक दुकानदाराची आहे, नातेवाइकांना तसंच सांगा, पाकिटावर त्याचंच अक्षर आहे. खरं तर त्यांचं म्हणणं मला हवंहवंसं वाटलं. मी सिस्टरांकडं पाहिलं.

"त्यानं जे वाचलं ते आम्ही लिवलं होतं, सर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. तोवर मला त्यांनी मॅडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "चल गो," म्हणाल्या. "सांगायचं तर आत्ताच सांगू. गाडी निघायच्या आधी."

मी गेले. बाहेर अनसूयाबाईंचा नवरा आणि मुलगा उभे होते. मुलगा कंपनीतून तसाच आलेला, निळ्या कपड्यांत. मी सांगितलं, की ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती, मी ते दोन अक्षरांत लिहिलं, दुकानात ते रोज असं वाचलं गेलं, आणि त्यामुळे हे झालंय. वाक्य नीट झालं नाही, पण सगळं सांगितलं. नवरा खाली बघत राहिला. मुलाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "म्हंजे तुमच्या दोन अक्षरांपायी?"

मी तोंड उघडायच्या आत सिस्टर बोलल्या. "व्हय. आमच्या दोन अक्षरांपायी."

आमच्या. त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

मुलगा अंगावर येईल असं मला वाटलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, आई वाचेल ना? सिस्टर म्हणाल्या, ते आत्ता कुणी सांगू शकत नाय, पण आता काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक हाय, त्यामुळं इलाज बरोबर होईल. आणि त्या अँब्युलन्समध्ये अनसूयाबाईंच्या उशाशी जाऊन बसल्या. डबा तसाच स्टोअररूममध्ये राहिला.

पुढचे दिवस मी कशी होते ते इथं सांगण्यासारखं नाही. सिस्टर रोज सकाळी आल्या की पहिल्यांदा मला पेशींचा आकडा सांगत. पनवेलच्या नर्सला त्या फोन करत होत्या. आकडा आणखी खाली गेला, दोन दिवस तिथंच राहिला, मग चढायला लागला. तिसऱ्या आठवड्यात अनसूयाबाई घरी आल्या. केस विरळ झाले होते, आवाज बसला होता, पण पेज पोटात जात होती. त्या दिवशी सिस्टरांनी आकडा सांगितला नाही. नुसतं म्हणाल्या, "घरी गेली गो."

त्या शनिवारी त्या मला म्हणाल्या, मेमूनं पेणला निघालाच आहात तर निडीला उतरू, त्या औषधांच्या दुकानात जाऊन येऊ. मला वाटलं, दुकानदाराला जाब विचारायचाय. दुकान छोटं होतं, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. मालक तिशीचा माणूस. आम्ही कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. अनसूयाबाईंचं त्याला कळलंच होतं. सिस्टरांनी त्याच्याकडे पाणी मागितलं, प्यायल्या, आणि विचारलं, की दादा, ती दोन अक्षरं लागली नव्हती ना तुम्हाला?

तो म्हणाला, नव्हती. असं काही आधी बघितलं नव्हतं. 'ओडी' रोज बघतो, म्हणून तेच असेल असं वाटलं.

मग फोन का नाही केलात, मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी धार आली असणार.

तो सिस्टरांकडं बघत म्हणाला, "आधी करायचो हो. डॉक्टर ओरडतात."

  मी माझा नंबर त्याच्या वहीत लिहिला आणि सांगितलं, की माझं एक अक्षर जरी लागलं नाही तरी फोन करायचा, मी ओरडणार नाही. त्यानं नंतर पुष्कळ वेळा केला. एकदा दोनदा माझ्या चुकाही सापडल्या त्याला.

तिथून आम्ही मिनीडोर रिक्षानं नागोठण्याला आलो आणि पेणची एसटी धरली. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली. अलिबागला निघालेल्या गाड्या, ट्रक, सगळं एकमेकांत घुसलेलं. कंडक्टर खाली उतरून चहा प्यायला गेला. बराच वेळ माझ्या मनात होतं ते मी विचारलं. सिस्टर, तुमच्याही हातून कधी असं झालं होतं का? म्हणून तुम्ही एवढं जपता?

हॉस्पिटलात सगळ्यांची तशी समजूत होती. मुली आपापसांत बोलत, की सिस्टरांच्या हातून तरुणपणी कुणीतरी दगावलं असणार.

सिस्टर हसल्या. "नाय गो. तसं काय नाय. दरवेळी कुणीतरी मरायलाच पायजे का?"

मग त्यांनी सांगितलं. दहावीपर्यंत त्या गावच्या मराठी शाळेत शिकल्या. नर्सिंगला गेल्या तर सगळं इंग्रजीत. वर्गात शहरातल्या मुली, पटापटा वह्या भरणाऱ्या. वॉर्डात डॉक्टरांनी लिहिलेली ती दोन-दोन, तीन-तीन अक्षरं यांना कळायची नाहीत. बाकीच्या मुली माना डोलवायच्या. यांना वाटायचं, सगळ्यांना येतंय, मलाच येत नाही. लाज वाटायची, पण भीती जास्त वाटायची. म्हणून त्या विचारायच्या. प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक वेळी. मुली हसायच्या, एक सिस्टर ट्यूटर त्यांना 'मिठागरवाली' म्हणायची.

"मंग एक दिस डोळ्यांच्या वॉर्डात ड्यूटी लागली," त्या म्हणाल्या. "थेंबांच्या बाटलीपुढं 'ओडी'. मी आपली म्हटलं, हे तरी येतं मला. रोज एकदा. तरी विचारलं. तर डॉक्टर म्हणाले, ओडी म्हंजे उजवा डोळा. बाजूच्या वॉर्डातल्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, छे, रोज एकदा. दोघंबी खरं बोलत होते." त्या खिडकीकडून माझ्याकडं वळल्या. "मला येत नव्हतं म्हनून मी विचारलं. विचारल्यावर कळलं, की त्यांचंबी एकमेकांत ठरलेलं नाय. तवापासून लाज गेली माझी."

गाडी हलायला आणखी पाऊण तास लागला. मला तो लागलेला कळला नाही.

वर्षभरानं मी पुढच्या शिक्षणाला गेले. चार-पाच वर्षांनी परत येऊन पेणला दवाखाना काढला. सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या. सणावाराला फोन व्हायचे. मग एकदा कळलं, की त्यांची मुलगी त्यांना कायमची बडोद्याला घेऊन चालली आहे. मी दुपारी दवाखाना बंद करून त्यांच्या गावी गेले. घरी कुणी नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, विमलताय आगरावं गेलीय.

मी मिठागराकडे गेले. उन्हाळा लागला होता. खाडीच्या अंगाला मिठाचे चौकोन पसरलेले, आता पूर्वीइतके नाहीत, पण भावानं आपले राखले होते. सिस्टर तिथं होत्या. साडीचा काचा मारलेला, पाय अनवाणी, डोक्यावर फडक्याची चुंबळ. मी त्यांना पांढऱ्या गणवेशाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं आधी ओळखलं नाही. त्यांनी लांबून हात केला. बांधावर उभ्या राहा, म्हणाल्या, पाय कापेल, आत येऊ नका. एवढा चौकोन उरकला की येते. भावाकडे बाया कमी पडल्यात.

मी बांधावर उभी राहिले. भाऊ फावड्यानं मीठ ओढत होता, त्या पाट्या भरून ढिगाकडे नेत होत्या. साठी उलटली होती, पण अरुंद बांधावरून चालताना कुठं तोल जात नव्हता. चौकोन संपल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. बडोद्याचं बोलणं झालं. गुजरातीचं काय करणार, मी विचारलं. विचारीन की, त्या म्हणाल्या.

मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. येताना गाडीत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. एवढंच म्हटलं, की सिस्टर, त्या दिवशी तुम्ही नसतात तर मी त्या दुकानदारावर ढकलून मोकळी झाले असते, आणि जन्मभर तशीच राहिले असते.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. 

"माझ्या नोकरीत मी चौघा डॉक्टरांना म्हटलं होतं, चला, सांगू या," त्या म्हणाल्या. "तिघं नाय आले. वाईट नव्हते ते, घाबरले. तू आलीस. तवा मला वाटलं, आपला स्टूल सरकवण्यात गेलेला जन्म फुकट नाय गेला."

 भावानं पलीकडच्या चौकोनातून हाक दिली. सिस्टर गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मला म्हणाल्या, ऊन वाढायच्या आत निघा, तुमचे पेशंट खोळंबले असतील. पुन्हा 'तुम्ही' झालं होतं.

मी गाडीपाशी जाऊन मागं वळून पाहिलं. त्या पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालल्या होत्या, एक हात वर पाटीला, दुसरा मोकळा. ढिगापाशी जाऊन त्यांनी पाटी उपडी केली, रिकामी पाटी झटकली, क्षणभर कमरेवर हात ठेवून खाडीकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि पुढची पाटी भरायला परत फिरल्या.